पौळीतले ससे

त्या सकाळी अकरा रोपं सोललेली निघाली.

मी पौळीच्या कडेकडेनं मोजत चालले होते. डाळिंबाची रोपं जेमतेम गुडघ्याएवढी झालेली, आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत त्यांची साल कुणीतरी चाकूनं तासून न्यावी तशी गेलेली. आतला पांढरा गाभा उघडा पडलेला. बुडाशी वाटाण्याएवढ्या कोरड्या लेंड्या.

"मामा, ससंच हायत," मी सासऱ्यांना ओरडून सांगितलं.

ते विहिरीकडून आले, वाकून एका रोपाला हात लावला आणि म्हणाले, "परवा सात, आज अकरा. संक्रांतीपर्यंत माळ होता तसा माळ होतोय."

आमचं हे रान माळाच्या उतारावर, तीन एकर. पिढ्यान्‌पिढ्या नांगराला लागलेले दगड उचलून कडेला टाकायचे, तेच रचून भोवती पौळ झालेली. पौळ म्हणजे ना माती, ना चुना. दगडावर दगड, बस्स. कुठं कंबरेएवढी, कुठं ढासळून गुडघ्यापर्यंत आलेली, आणि खालच्या थरात जागोजाग भोकं. माळावरचं गवत वाळलं, की ससे त्या भोकांतून आत यायचे. मटकी असायची तेव्हा चार वेल खाऊन जायचे, कुणी मनावर घेत नव्हतं. पण डाळिंबाचं रोप एकदा सालीवरून गेलं की गेलंच. आणि ही रोपं आम्ही दोघांनी एकेक घागर वाहून जगवलेली.

दोघांनी म्हणजे मी आणि मामा, माझे सासरे. त्यांचं नाव केरबा जगदाळे. गावचे पोलीस पाटील, त्यांच्या आधी त्यांचे वडीलही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मालक पलटणीत, आसामच्या बाजूला. वर्षातून एकदा सुट्टी. माझ्या लग्नाला तिसरं वर्ष चाललेलं. मामा कडक होते, पण मला कधी उणं बोलले नाहीत. मी दहावी झालेली, म्हणून गावकीचे कागद माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि चारचौघांत म्हणायचे, "आमची शालन वाचती, मी निस्ता शिक्का मारतो."

सशांवर आम्ही सगळं करून बघितलं. रोपांना शेणकाला फासला. पोत्याचे तुकडे गुंडाळले. भोकांत बोरीच्या फांद्या कोंबल्या, तर ससे शेजारच्या भोकातून आले. बुजगावण्याला मालकांचा जुना खाकी शर्ट घातला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच पायाशी लेंड्या.

शेवटी मामा म्हणाले, "सुरमलला सांगावा धाड. न्हाईतर असं कर, तूच जाऊन ये. बाईमाणूस गेलं की पालावरची माणसं बिचकत न्हाईत."

सुरमल पवार हा फासेपारधी. माळाच्या पलीकडच्या अंगाला त्याची दोन पालं वर्षातले सहा-सात महिने असायची. मी गेले तेव्हा तो जाळ्याची गाठ मारत बसला होता, आणि त्याची बायको बायडा तान्ह्या पोरीला तेल लावत होती. पाटलांनी बोलावलंय म्हटल्यावर त्याचा हात थांबला.

"कशाला बोलावलंय?"

"सशांसाठी. डाळिंब खात्यात."

तेव्हा कुठं तो हसला. "मग येतो. पाटील बोलावत्यात म्हटलं की पहिल्यांदा पोटात गोळाच येतो, वैनी."

दुपारी दोघं आले. मला वाटलं होतं, आल्या आल्या जाळी लावतील. सुरमलनं जाळ्याचं बोचकं खाली ठेवलं आणि अख्खी पौळ एकदा बाहेरून, एकदा आतून फिरून आला. मधेच उकिडवा बसायचा, दगडाच्या कडेवरून बोट फिरवायचा. एका ठिकाणी त्यानं मला हाक मारली. बोटाला दोन-तीन भुरे केस चिकटलेले.

"भोकं चाळीसेक हायत. पण येण्या-जाण्याची तीनच. बाकीची तुम्ही उगं काटं घालून बुजवलीत. ससा सवयीचा गुलाम. जिथनं एकदा सुखरूप गेला, तिथनंच जाणार."

"मग तीनच बुजवली तर?"

"तर नवी सवय लावून घेईल. आधी बाकीची सगळी बुजवायची, पक्की. ही तीन उघडी ठेवायची. चार-पाच दिस तिथं वाघूर लावतो. जे आत सवयीचं झाल्यात ते गेलं, की मग ही तीन बुजवू. नव्यांना आत काय हाय ते ठाऊकच नसतंय." मग तो ढासळलेल्या जागेकडं बघून म्हणाला, "आणि ही पौळ उचला. ससा उडी मारतो, पण पलीकडचं दिसलं तर. दिसलं न्हाई तर मारत न्हाई. शहाणा हाय."

वाघूर म्हणजे सशांचं जाळं, भोकाबाहेर सैल लावून ठेवतात. पकडलेले ससे त्याचे, असं ठरलं. तो म्हणाला, यापेक्षा काय नको.

मग तीन दिवस आम्ही पौळ बांधली. मी, बायडा आणि सुरमल. भोकात दगड नुसता कोंबायचा नाही, आतल्या बाजूनं मोठा बसवायचा आणि बाहेरून कपच्या ठोकायच्या, हे मी तेव्हा शिकले. बायडाचा हात माझ्याहून चलाख. दगड उचलायच्या आधीच तिला कळायचं तो कुठं बसणार. पोरीला बांधाच्या सावलीत झोळीत टाकायची आणि कामाला लागायची.

मामा बाभळीखाली बसून बघायचे. पहिल्या दिवशी गप्प होते. दुसऱ्या दिवशी उठून आले आणि सुरमलला म्हणाले, "तो दगड उलटा बसवलास." सुरमल म्हणाला, "बसवून दाखवा पाटील." मामांनी धोतर खोचलं आणि दाखवलं. मग संध्याकाळपर्यंत दोघं एका थरावर समोरासमोर काम करत होते. मी चहा आणला तर मामांना कपात आणि त्या दोघांना पौळीवर ठेवलेल्या जर्मनच्या ग्लासांत. तशीच रीत होती, कुणाला काही वाटलं नाही. निदान मला तरी वाटलं नाही.

मी सुरमलला विचारलं, "ससा बीळ करत न्हाई का? ह्या पौळीतच ऱ्हात असंल असं वाटायचं मला."

"घूस बीळ करती. ससा उघड्यावर ऱ्हातो, गवतात. घर बांधायची अक्कलच न्हाई त्याला," तो म्हणाला, आणि बायडा त्यांच्या भाषेत काहीतरी बोलून मोठ्यानं हसली. काय म्हणाली ते विचारल्यावर सुरमल म्हणाला, "ती म्हणती, मग तुझा भाऊच म्हणायचा."

वाघूर लावल्यापासून चार सकाळी मिळून नऊ ससे सापडले. पाचव्या सकाळी एकही रोप सोललेलं नव्हतं. मी चहाची किटली घेऊन रानात गेले, तर सुरमल शेवटची जाळी काढत होता आणि बायडानं तीन ससे पाय बांधून बाजूला ठेवले होते. तेवढ्यात माळाच्या बाजूनं फटफटीचा आवाज आला.

जंगलाचा गार्ड होता, नवीन बदलून आलेला. बरोबर एक मजूर. कुणी कळवलं ते आजवर कळलेलं नाही. गार्ड उतरला, ससे बघितले, जाळं बघितलं आणि सुरमलची मानगूट धरली. सुरमल जागचा हलला नाही. बायडानं पोरीला उचलून छातीशी धरलं.

फटफटीच्या आवाजानं आजूबाजूच्या रानांतली माणसं गोळा झाली. आमच्या भावकीतला आनंदा आला, आणखी तीन-चार जण आले. मामा घरून टॉवेल खांद्यावर टाकून आले ते धापा टाकत.

"पाटील, तुमच्याच रानात शिकार चाललीय," गार्ड म्हणाला. "ससा मारायला बंदी आहे, ठाऊक आहे ना? तुम्ही बोलावलं होतं ह्यांना?"

मी मामांकडं बघत होते. त्यांची नजर पौळीवर होती, त्यांनी स्वतः बसवलेल्या थरावर. पोलीस पाटलावर केस झाली म्हणजे पाटीलकी गेली, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"मी कशाला बोलावू?" ते म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी खाकरून परत तेच सांगितलं. "मी न्हाई बोलावलं. शिरलं असतील पहाटेचं."

सुरमलनं फक्त एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "तुम्हीच तर बोलावलंत" असं तो म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते. तो बोलला नाही. बायडाही नाही. जणू हे असंच होणार, हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गार्डनं फटफटीच्या सीटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. आनंदानं अंगठा उठवला. "आणखी एक पंच पाहिजे, सही येणारा," गार्ड म्हणाला. बाकीचे मागं सरकले. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "शालन, सही कर."

मी किटली पौळीवर ठेवली आणि कागद हातात घेतला. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मला मामांनीच शिकवलेलं. म्हणून वाचला. वर तारीख, वार, ठिकाण. खाली सशांचा आकडा. आणि मधे लिहिलं होतं, 'सदर इसम व त्याची बायको हे चोरीच्या उद्देशाने शेतात शिरले असता.'

"ह्यात चोरी कुठनं आली?" मी विचारलं.

"न बोलावता दुसऱ्याच्या रानात शिरले म्हणजे दुसरं काय असतं? त्यात हे पारधी. करा सही, उशीर होतोय."

सशांचं कलम एक वेळ सुटलं असतं. चोरीचं एकदा लागलं म्हणजे तालुक्यात कुठंही कोंबडी हरवली तरी पहिली लाथ ह्याच पालाला. हे सगळं मी त्या वेळी इतकं नीट मांडून विचारात घेतलं असेल असं नाही. मला फक्त तीन दिवस माझ्याबरोबर दगड उचलणारी बाई दिसत होती आणि हातातला कागद दिसत होता.

"हे खोटं हाय," मी म्हणाले. "ह्यांना मी बोलावलं. पालावर जाऊन मी सांगावा दिला. लिहायचं तर माझं नाव लिहा."

कुणीतरी मागं "आगं आगं" म्हणालं. गार्डनं माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. "पाटील, सूनबाई काय म्हणतायत? मग केस त्यांच्यावर करावी लागेल. आणि रान तुमच्या नावावर."

मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वळले आणि घराकडं चालायला लागले. सगळ्यांच्या देखत.

पाटलाच्या सुनेवर केस करायची गार्डची छाती झाली नाही. त्यानं कागदाची चौघडी केली, खिशात घातली, सुरमलला दोन शिव्या दिल्या, ताकीद दिली. जाळं आणि तिन्ही ससे फटफटीला बांधून नेले. ससे सरकारजमा झाले, असं म्हणाला. त्या दुपारी सरकारच्या चुलीवर काय शिजलं ते मला माहीत नाही.

मला वाटलं, आपण मोठं काम केलं. घरी मामा सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी भाकरी थापल्या, चार फडक्यात बांधल्या आणि दुपारी पालाकडं गेले. तर पालं उतरवून झालेली. गाढवावर बोचकी चढत होती.

"कुटं निघालात? सोडलं की त्यानं!"

सुरमल दोरी आवळत राहिला. "वैनी, तू चांगलं केलंस. पण आमचं वाईट झालं."

"मी काय वाईट केलं?"

"मी दोन महिनं आत राहिलो असतो. फार तर चार. सवय हाय. सुटून हितंच आलो असतो, पाटलांनी ऱ्हाऊ दिलं असतं. उलट चार पायल्या जोंधळं जास्त दिलं असतं, मनाला लागलं म्हणून. आता समद्या गावापुढं पाटलाचं तोंड खाली गेलं. त्याच्या माळावर माझं पाल कसं ऱ्हाईल?"

"मामा तसलं न्हाईत."

"न्हाईत, म्हणून तर म्हणतो. खोटं बोलताना त्यांचा आवाज फुटला, ऐकलास ना? निर्ढावलेला माणूस उद्या इसरून जातो. हे इसरणार न्हाईत. रोज हे पाल दिसणार, रोज ते आठवणार. कवातरी एक दिवस पाल उठवतीलच. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं."

बायडानं भाकरीचं फडकं माझ्या हातातून घेतलं, भाकरी काढून घेतल्या आणि फडकं नीट घडी करून परत दिलं. पोर झोळीत झोपलेली होती. गाढव चालायला लागलं. गुरं सोडायची वेळ झाली म्हणून मी परत आले.

राहिलेली तीन भोकं मी एकटीनं बुजवली.

त्या दिवसापासून मामांनी माझं नाव घेणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला बसले की "भाकरी" एवढंच. कागद वाचायला दुसऱ्याकडं न्यायला लागले. मालक सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आबांचं काय बिनसलंय?" मी म्हणाले, "काय न्हाई, वय झालं." मामांनीही त्यांना काही सांगितलं नाही. मी रात्रंदिवस त्याच घरात वावरत होते आणि मला कळत नव्हतं की माझं चुकलं की बरोबर होतं. सुरमलकडून ऐकलं तर चुकलं होतं. मामांकडं बघितलं तरी चुकलेलंच दिसायचं.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मग एकदा मामा कोट घालून सकाळच्या एसटीनं गेले. बहिणीला भेटून येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, सोप्यात बसले, कोटाची बटणं काढली आणि म्हणाले, "शालन, पाणी दे गं."

मी तांब्या काठोकाठ भरून आणला. पाणी पिऊन त्यांनी रानाची चौकशी केली. नंतर पहिल्यासारखं बोलायला लागले. राग विरला असेल, असं मी समजले. त्याच महिन्यात त्यांनी पाटीलकीचा राजीनामा दिला. गुडघे दुखतात, फिरणं होत नाही, असं गावाला सांगितलं. मला वाटलं, माझ्यामुळं गेलेली अब्रू त्यांना त्या खुर्चीत बसू देत नसेल. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढं डाळिंब लागलं. मालक पलटणीतून सुटून आले. पाच वर्षांनी पौषात मामा गेले; दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

त्यानंतरच्या वर्षी, माघात, मी तालुक्याच्या बाजाराला गेले होते. भाजीच्या ओळीच्या टोकाला एक बाई बोरं आणि डिंक घेऊन बसलेली. मी बोरं चाळवली, भाव विचारला. ती भाव सांगायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"तू पाटलाची सून."

बायडा होती. केस पांढरे झालेले. मी म्हणाले, "बायडाबाई, सुरमलदादा कसं हायत?"

"बरं हाय. पायानं अधू झाला, पण बरं हाय. बस की." मी पिशवी खाली ठेवली. ती बोरं निवडत बोलायला लागली. "तुझ्या सासऱ्यामुळं वाचला, न्हाईतर तवाच गेला असता."

"कवा?"

"आगं, ठाण्यात आला न्हवता का म्हातारा! तुला म्हाईत न्हाई?"

मी 'न्हाई' म्हणून मान हलवली.

"तुमच्याकडनं गेलो ते पलीकडच्या खोऱ्यात राहिलो. वर्षानं तिथं कुणाचं बैल चोरीला गेलं. झालं, आमच्याच पालावर आले, ह्याला उचलला. नऊ दिवस मारलं. माझं कोण ऐकतंय? मग मनात आलं, एकच पाटील वळखीचा हाय. चालत आले तुमच्या रानापर्यंत. म्हातारा डाळिंबात बसला होता. मी पौळीच्या भाईरनंच सांगितलं, आत गेले न्हाई. त्यानं ऐकून घेतलं. हूं न्हाई का चूं न्हाई. मला वाटलं, फुकट आले. तर दुसऱ्या दिशी कोट घालून ठाण्यात हजर."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी दारातच बसले होते, समदं ऐकलं. सायबाला म्हणाला, हा माणूस चोर न्हाई. मी ह्याला माझ्या रानात बोलावला होता आणि समद्यांपुढं बोलावला न्हाई म्हणून सांगितलं. माझी सून खरं बोलली, मी खोटं बोललो. त्याची भरपाई करायला आलोय. सायब म्हणाला, पाटील, हे असं बोललात तर तुमची पाटीलकी ऱ्हाणार न्हाई. तर म्हातारा म्हणाला, ती मी घरनं निघतानाच सोडलीय, तुम्ही जामिनाचं लिवा. रातभर तिथंच बाकावर बसून राहिला. सकाळी ह्याला सोडला तवा उठला. यष्टीत बसस्तवर माझ्याशी बोलला न्हाई. खिडकीतनं एवढंच म्हणाला, पालं परत आणा म्हणावं माळावर. आम्ही आलो न्हाई. ह्याचा पाय मोडलेला, चालवतंय कुटं? पण म्हणाला हं तो."

तिनं ओंजळभर बोरं माझ्या पिशवीत टाकली. "बराय का म्हातारा?"

"गेले. परवाच्या पौषात वरीस झालं."

तिनं कपाळावर हात मारला आणि भर बाजारात गळा काढला. तिच्या भाषेत, उंच, लांब आवाजात. त्यातला 'पाटील' एवढाच शब्द मला कळत होता. माणसं थांबली, वळून बघायला लागली. मामा गेले त्या दिवशी आमच्या घरात रीतीनं रडणं झालं होतं. मीही रीतीपुरतीच रडले होते.

शेजारच्या भाजीवाल्यानं मला विचारलं, "कोण गेलं ओ हिचं?"

"माझे सासरे," मी म्हणाले, आणि तिथंच तिच्याजवळ खाली बसले.